ऑफर लेटर्स दोन, डोकं एक

नोकरी नसते तेव्हा टेन्शन एकच असतं. नोकरी कधी लागणार? खरी गोची होते ती एकाच आठवड्यात दोन लागल्यावर. मग आई एक सांगते, बाबा दुसरं. मित्रांचा ग्रुप तिसरंच काहीतरी. शेजारचे काका तर दोन्ही सोडून एमपीएससीला बसायला सांगतात! आणि आपण रात्री दोन वाजता दोन्ही पीडीएफ उघडून मोबाइलकडे बघत बसतो.

या आठवड्याचा विषय हॉटेलचा. म्हणजे वीकेंडला कुठे जेवायचं, हा नाही. तो आपल्याला बरा जमतो. विषय आहे काउंटरच्या पलीकडे उभं राहणाऱ्यांचा. शुक्रवारी संध्याकाळी आपण लॅपटॉप मिटून सुटतो तेव्हा ज्यांची शिफ्ट सुरू होते, त्यांचा. तुम्ही आयटीत असाल, बँकेत असाल, नाहीतर एखाद्या अॅड एजन्सीत. पण घरात, नात्यात, बिल्डिंगमध्ये कुणीतरी हॉटेल मॅनेजमेंट करतच असतं. दादरचं केटरिंग कॉलेज १९५४ साली सुरू झालं. म्हणजे या शिक्षणाला आपल्याकडे सत्तर वर्षं होऊन गेली. तरी 'हॉटेलात म्हणजे नक्की काय करणार?' हा प्रश्न लग्नकार्यात आजही विचारला जातोच. त्यामुळे या मुलामुलींना सल्ला द्यायला घरी फारसं कुणी नसतं. मग फोन येतो नोकरीत चार वर्षं काढलेल्या दादाला नाहीतर ताईला. 'कुठली घेऊ?'

माझ्या मावसबहिणीचा असाच फोन आला. मूळची नाशिकची. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलेलं. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज, हप्ता महिन्याला ५,२०० रुपये. हातात दोन ऑफर्स.

पहिली मुंबईची. एअरपोर्टजवळचं मोठं पंचतारांकित हॉटेल, चारशेच्या वर खोल्या. नाव असं, की सांगितल्यावर समोरचा 'अरे वा' म्हणणारच. पोस्ट गेस्ट सर्व्हिस असोसिएट, फ्रंट ऑफिस. सीटीसी वर्षाला ३ लाख २४ हजार.

दुसरी नाशिकची. नवं बिझनेस हॉटेल, नव्वद खोल्या. पोस्ट ऑपरेशन्स ट्रेनी, १८ महिन्यांसाठी. सीटीसी वर्षाला २ लाख ४० हजार.

उत्तर द्यायला पाच दिवस. काकांचं मत मुंबई. 'बायोडेटाला नाव लागतं.' मावशीचं मत नाशिक. 'घरचं जेवण आणि घरची झोप.' खुद्द बहिणीचं मत दर तासाला बदलत होतं. मी म्हटलं, अगं, मतं राहू देत. आधी दोन्ही लेटर्स नीट वाचू. शेवटच्या पानापर्यंत.

सीटीसी नावाचा मायाबाजार

सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही केवढ्याला पडता तो आकडा. तुम्हाला काय मिळतं तो नव्हे. हे आपल्याला माहीत असतं, पण पहिल्या ऑफरच्या आनंदात विसरायला होतं. हॉटेलात तर सीटीसीच्या पोटात आणखी दोन पाहुणे बसलेले असतात. ड्युटीवरचं जेवण आणि सर्व्हिस चार्ज.

मुंबईच्या ऑफरचं गणित करून बघू. आकडे थोडे गोल केलेत. महिन्याला २७,००० दिसतात. त्यातले कंपनीच्या वाट्याचे पीएफचे १,८०० आणि ईएसआयचे सव्वासहाशे बाजूला. ग्रॅच्युइटीचे सातशेवीस बाजूला. कॅफेटेरियातलं जेवण आणि युनिफॉर्मची धुलाई म्हणून साडेतेराशे. आणि 'अंदाजे सर्व्हिस चार्ज' म्हणून तब्बल ३,०००. उरला पक्का पगार १९,५००. त्यातून पुन्हा आपल्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ईएसआयचे दीडशे गेले. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना प्रोफेशनल टॅक्स नाही, तेवढे वाचले. हातात आले साडेसतरा हजार.

सत्तावीस दिसतात, साडेसतरा मिळतात. यात लबाडी नाही बरं का. पीएफ आपलाच असतो, आणि २१ हजारांपर्यंतच्या पगाराला ईएसआय म्हणजे घरच्यांसकट दवाखान्याची सोय. पण अंधेरीतल्या पीजीवाल्या काकूंना पीएफचं पासबुक दाखवून भागत नाही. त्यांना रोख लागतात.

आता नाशिक. महिन्याला २०,००० दिसतात. पक्का पगार साडेसोळा हजार. कापून हातात साधारण १४,५७५. जेवण ड्युटीवर आहे, पण सीटीसीत धरलेलं नाही. सर्व्हिस चार्जचा उल्लेखच नाही.

कागदावरचा फरक सात हजारांचा. हातातला तीन हजारांचा. आणि खर्च धरला की चित्र उलटंच! मुंबईत कॉटबेसिसवर पीजी ९,०००. येणं-जाणं, मोबाइल २,०००. सुटीच्या दिवशीचं आणि रात्रीचं खाणं अडीच हजार. शिल्लक राहिले चार हजार. आणि कर्जाचा हप्ता ५,२०० चा. म्हणजे दर महिन्याला बाराशे रुपये बाबांकडून मागवायचे. नाशिकला पेट्रोलला दोन हजार, घरात तीन हजार दिले तरी साडेनऊ हजार उरतात. हप्ता जाऊन चार हजारांच्या वर हातात.

इथे मावशी जिंकल्या, असं वाटलं ना? थांबा. अजून चार पानं वाचायची आहेत.

सर्व्हिस चार्ज धरायचा का?

मुंबईच्या गणितात ते ३,००० धरले तर हप्ता निघतो. नाही धरले तर नाही. म्हणून त्या एका ओळीवर आम्ही अर्धा तास घालवला.

हॉटेलच्या बिलात टक्केवारीने लागणारा सर्व्हिस चार्ज बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांत वाटला जातो. वाटपाची पद्धत प्रत्येकाची वेगळी. कुठे सगळ्यांना सारखं, कुठे हुद्द्याप्रमाणे पॉइंट्स. सीझनला तो भरपूर येतो, पावसाळ्यात आटतो. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, पाहुणे थांबले, तसा तोही थांबला. पाहुणा नाही तर बिल नाही, बिल नाही तर चार्ज नाही. साधा हिशेब.

शिवाय कायद्याची भानगड आहे. ग्राहकांच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या. रेस्टॉरंटवाले कोर्टात गेले. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या सूचना योग्य ठरवल्या आणि त्यावर पुढे अपील झालं. आपण ग्राहक म्हणून 'बरं झालं' म्हणतो. पण टेबलाच्या पलीकडे कुणाच्या तरी पीजीचं भाडं त्याच ओळीवर उभं असतं.

फंडा एकच. सर्व्हिस चार्ज हा बोनस समजा. आला तर मजा करा. भाडं आणि हप्ता मात्र पक्क्या पगारातूनच निघाला पाहिजे.

पाटी कुणाची, पगार कुणाचा?

नाशिकच्या हॉटेलवर पाटी देशभर चालणाऱ्या ब्रँडची. पण लेटरहेडवर वेगळ्याच कंपनीचं नाव. बहीण घाबरली. 'ताई, हे फ्रॉड तर नसेल?'

नाही. हॉटेलच्या धंद्यात हे रोजचं आहे. इमारत एकाची असते, नाव दुसऱ्याचं. काही हॉटेलं ब्रँड स्वतः चालवतो, काही नुसती फ्रँचायझीवर नाव लावतात. ब्रँडने चालवलेल्या हॉटेलातही कर्मचारी अनेकदा मालक कंपनीच्या पगारपत्रकावर असतात. म्हणून विचारायचं ते हे: मी कुणाची कर्मचारी? ब्रँडचं ट्रेनिंग मला मिळणार का? आणि उद्या त्याच ब्रँडच्या दुसऱ्या शहरातल्या हॉटेलात बदली मागता येईल का?

मोठ्या ब्रँडची खरी ताकद इथे आहे. ताज, विवांता आणि जिंजर ही एकाच कंपनीची भावंडं. मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवुड विकत घेतली, तेव्हापासून वेस्टिन आणि शेरेटनही त्याच घरात आले. अशा घरात एकदा शिरलात की आतल्या आत हलता येतं. पण ती दारं तुमच्यासाठी उघडी आहेत का, हे लेटरहेड बघूनच कळतं. लॉबीतलं झुंबर बघून नाही.

काम नक्की कुठलं?

'फ्रंट ऑफिस' म्हटलं की डोळ्यांसमोर संगमरवरी काउंटर, नेटका अंबाडा आणि 'गुड इव्हनिंग सर' येतं. बहिणीने मुंबईच्या एचआरला मेल टाकून विचारलं, पहिलं वर्ष नेमकी कुठे असेन? उत्तर आलं, गेस्ट सर्व्हिस सेंटर. म्हणजे फोन. खोलीतून आलेला प्रत्येक कॉल उचलायचा. टॉवेल हवेत, एसी चालत नाही, उद्या पहाटे चारला उठवा. वर्षभरानंतर जागा निघाली तर काउंटर.

हे काम कमी दर्जाचं अजिबात नाही. चारशे खोल्यांच्या हॉटेलचा फोन जो सांभाळतो, त्याला हॉटेलची नस कळते. मोठ्या हॉटेलात शिकवणारी माणसं असतात, ठरलेली पद्धत असते, देशोदेशीचे पाहुणे असतात. खोल्यांचे दर ठरवणारी रेव्हेन्यूची टीम अनेकदा त्याच इमारतीत बसते. शंभरातल्या सत्तर खोल्या सरासरी पाच हजारांना विकल्या तर प्रत्येक उपलब्ध खोलीमागे साडेतीन हजार आले, या हिशेबावर ज्यांचं डोकं चालतं, त्यांनी अशा टीमच्या जवळपास असावं.

नव्वद खोल्यांच्या हॉटेलात चित्र वेगळं. माणसं कमी, त्यामुळे सगळ्यांनी सगळं करायचं. सकाळी चेकआउट, दुपारी बँक्वेटमध्ये खुर्च्या, रात्री कॅशचा मेळ. एकेका कामातली सफाई थोडी कमी राहील, पण हॉटेल चालतं कसं हे दीड वर्षात दिसतं. ज्याला पुढे ऑपरेशन्समध्ये जायचंय, मॅनेजर व्हायचंय, त्याच्यासाठी हे सोनं. अट एकच. हे फिरणं खरंच व्हायला हवं.

आणि नाशिकच्या लेटरमध्ये नेमकं तेच नव्हतं. इंटरव्ह्यूमध्ये सर म्हणाले होते, 'सगळे डिपार्टमेंट्स फिरवू.' लेटरमध्ये फक्त 'कंपनीच्या गरजेनुसार'. या दोन शब्दांत अठरा महिने एकाच रेस्टॉरंटमध्ये प्लेट्स उचलणंही बसतं!

बहिणीने आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो मला फार आवडला. '२०२६-२७ चा सिंहस्थ संपल्यावर खोल्या कोण भरणार?' सेल्सच्या माणसाने उत्तर दिलं. सातपूर आणि अंबडच्या कंपन्यांचे पाहुणे आठवडाभर, त्र्यंबकेश्वरला जाणारे आणि वाइनरी बघायला येणारे मुंबई-पुण्याचे लोक शनिवार-रविवारी. ज्या हॉटेलकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं, तिथे नोकरी टिकण्याची शक्यता जरा बरी.

ट्रेनी, अप्रेंटिस आणि बॉन्ड

पदाच्या नावाकडे बारीक लक्ष द्या. 'ट्रेनी' आणि 'अप्रेंटिस' सारखे वाटतात, पण अप्रेंटिस कायद्याखाली नेमलेल्याला पगार नाही, स्टायपेंड मिळतो आणि पीएफ लागू होत नाही. नाशिकची पोस्ट ट्रेनीची होती आणि पीएफ कापला जाणार होता. म्हणजे कर्मचारीच. पण मुदत १८ महिन्यांची. त्यानंतर काय? कायम करणार, की टाटा-बायबाय? लेटर गप्प.

इथे एक नवी गोष्ट माहीत असू द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. बेसिक आणि डीए मिळून एकूण पगाराच्या निम्मे तरी धरावे लागतात, त्यामुळे भत्त्यांचा फुगा फार फुगवता येत नाही. आणि ठरावीक मुदतीवर नेमलेल्यांना एका वर्षाच्या नोकरीनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. कायम नोकरीत मात्र पाच वर्षं लागतात. म्हणजे मुंबईच्या सीटीसीतले ते सातशेवीस रुपये पाच वर्षं टिकलात तरच तुमचे.

आता बॉन्ड. नाशिकच्या लेटरमध्ये होता. १८ महिन्यांआधी सोडलं तर एक लाख भरायचे आणि मूळ सर्टिफिकेट्स कंपनीकडे जमा. मित्र म्हणाले, 'काही होत नाही गं, बॉन्ड कोर्टात टिकत नाही.' असं डोळे मिटून धरू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका बँकेच्या खटल्यात, तीन वर्षांआधी नोकरी सोडली तर दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बॉन्ड टिकेल असं नाही. पण सही करताना 'हे नुसतं कागदापुरतं' हा भ्रम नको. आणि मूळ सर्टिफिकेट्स? ती कुणालाही द्यायची नाहीत. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ प्रती घरी कपाटात.

झोपेचाही हिशेब करा

हॉटेल चोवीस तास चालतं, हे पाहुणा म्हणून फार छान वाटतं. काम करणाऱ्यासाठी त्याच्या तीन शिफ्ट असतात. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. रेस्टॉरंटमध्ये ब्रेक शिफ्ट नावाचा वेगळाच प्रकार. दुपारच्या जेवणाला चार तास, मग सुटी, मग रात्रीच्या जेवणाला पुन्हा चार. कागदावर आठच तास, पण दिवस सगळा गेलेला. घर जवळ असेल तर मधल्या वेळात जाऊन पडता येतं. नसेल तर लॉकर रूमच्या बाकावर.

महाराष्ट्रात आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आहे. त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम आणि आठवड्यातून एक सुटी. रात्री साडेनऊनंतर मुलींना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षेची व्यवस्था आणि घरी पोचवायची सोय हवी. हे नियम हॉटेलांनाही लागू आहेत. प्रत्यक्षात 'आज जरा थांब ना, बँक्वेट आहे' हे वाक्य किती वेळा ऐकायला मिळतं, ते तिथे आधी काम केलेल्यांना विचारा. कॉलेजचे सीनियर्स यासाठीच असतात. एचआर सांगेल ते धोरण. सीनियर सांगेल ती वस्तुस्थिती.

मग ठरलं काय?

बहिणीने दोन्हीकडे मेल टाकले. सौम्य भाषेत, मुद्दे क्रमाने. मुंबईचं उत्तर दोन दिवसांत आलं, एकदम स्वच्छ. राहायची सोय नाही. रात्री गाडी मिळेल. सर्व्हिस चार्जची हमी नाही. काउंटरचं वर्षभराने बघू. नाशिकहून दोन दिवस काहीच नाही. एक रिमाइंडर, मग एक फोन. चौथ्या दिवशी सही-शिक्क्याचं पत्र आलं. फ्रंट ऑफिस सात महिने, हाउसकीपिंग पाच, फूड अँड बेव्हरेज चार, सेल्स दोन. सर्टिफिकेट्सच्या फक्त प्रती. बॉन्ड कायम, पण रक्कम दर महिन्याला उतरत जाणार. १८ महिन्यांनंतर कायम करण्याबाबत 'कामगिरीनुसार'. तेवढं राहिलंच.

तिने नाशिक घेतलं. त्या पत्रामुळे घेतलं. ते आलं नसतं तर बाराशे रुपये मागवायची तयारी ठेवून ती मुंबईला गेली असती, आणि मीही तेच सांगितलं असतं. कारण बॉन्ड लेखी आणि ट्रेनिंग तोंडी, हा सौदा कुठल्याही शहरात तोट्याचाच.

सध्या तिचा आठवा महिना. हाउसकीपिंग. एका शिफ्टला चौदा खोल्या, रात्री पाय गरम पाण्यात. कुणी विचारतं, 'कुठल्या हॉटेलात?' आणि नाव सांगितल्यावर चेहरा कोराच राहतो. मुंबईतल्या मैत्रिणींचे समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो बघून रविवारी जीव जळतो. हे सगळं खरं. पण हप्ता एकदाही चुकलेला नाही. आणि परवा रात्री ड्युटी मॅनेजर आजारी पडले तेव्हा ओव्हरबुकिंग झालेल्या दोन पाहुण्यांची सोय तिने एकटीने लावली. चारशे खोल्यांच्या हॉटेलात आठव्या महिन्यात तिला त्या टेबलाजवळही कुणी येऊ दिलं नसतं.

आता गंमत ऐका. तिच्याच बॅचच्या एका मुलाने मुंबईची तीच ऑफर घेतली. तेच हॉटेल, तोच पगार, तोच फोन. तो डोंबिवलीचा. आई-बाबांकडे राहतो, कर्ज नाही. घाटकोपरला उतरून मेट्रो पकडतो. साडेसतरातले बारा हजार बाजूला पडतात. त्याला रेव्हेन्यूमध्ये जायचंय, आणि ती टीम दोन मजले वर बसते. जेवणाच्या सुटीत ओळख काढून तो तिथे एक्सेल शिकतोय. त्याचाही निर्णय शंभर टक्के बरोबर.

एकच लेटर एकाला परवडतं आणि दुसरीला नाही. म्हणूनच 'कुठली ऑफर चांगली?' या प्रश्नाला काही अर्थ नाही. प्रश्न असा विचारा: दीड वर्षानंतर पुढच्या इंटरव्ह्यूमध्ये 'तुम्हाला काय काय येतं?' असं विचारतील, तेव्हा यातली कुठली नोकरी मला जास्त लांब उत्तर देऊ देईल? आणि तोपर्यंत मी तिथे पैशाने आणि तब्येतीने टिकेन का? पहिली नोकरी दुसऱ्या नोकरीसाठी घ्यायची असते, बॉस. हॉटेलात तर नक्कीच.

सही करण्याआधी हे विचाराच!

- पक्का पगार किती आणि दर महिन्याला हातात किती? सर्व्हिस चार्ज आणि जेवण वगळून.
- पहिले सहा महिने नेमकं कुठल्या विभागात, कुठल्या कामावर?
- विभाग बदलून मिळणार असतील तर महिन्यांसकट ते लेखी देणार का?
- नेमणूक कुणाकडून? ब्रँड, मालक कंपनी की एजन्सी?
- ट्रेनिंगची मुदत संपल्यावर पद आणि पगार काय?
- बॉन्ड आहे का? किती रकमेचा, आणि काळानुसार ती कमी होते का?
- राहायची सोय, रात्रीची गाडी, आठवड्याची सुटी याबद्दल लेटरमध्ये काय लिहिलंय?

हे प्रश्न विचारले तर ऑफर परत घेतील, अशी भीती वाटते ना? नीट शब्दांत विचारलेल्या प्रश्नाने चिडणारं हॉटेल तुम्हाला नोकरीवर कसं वागवेल, याचं उत्तर फुकटात मिळालं असं समजा. आणि पुढच्या वेळी हॉटेलात चेक-इन करताना काउंटरवरच्या मुलीला दोन मिनिटं जास्त लागली, तर घड्याळाकडे बघू नका. कदाचित तिचा पहिलाच आठवडा असेल.